मुद्द्यांच्या स्लाइड सोडून नऊ महिने झाले

दर सोमवारच्या आढावा बैठकीसाठी मी वर्षानुवर्षं वीस-पंचवीस स्लाइड करायचो. रविवारची दुपार त्यातच जायची, तीही विचार करण्यात कमी आणि चौकटी सरळ रेषेत आणण्यात जास्त. नऊ महिन्यांपूर्वी ते बंद केलं. आता दोन पानी टिपण लिहितो, बैठकीत सगळे आधी दहा मिनिटं ते गुपचूप वाचतात, मग चर्चा. कल्पना माझी नाही, अ‍ॅमेझॉनमधून उचललेली. तिथे २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकीतून पॉवरपॉइंट हद्दपार झालं.

पहिल्याच टिपणाने माझी फजिती केली. स्लाइडवर मी 'पुरवठ्यात अडचणी, उपाय सुरू' एवढं टाकून मोकळा व्हायचो. कोणी काही विचारायचं नाही. पूर्ण वाक्य लिहायला बसलो, तर क्रियापद कर्ता मागायला लागलं. उपाय करतंय कोण? कधीपासून? तीन फोन केल्यावर कळलं, सुरू वगैरे काहीच नव्हतं.

आमचं काही फार बिघडलं नाही. २००३ साली नासाच्या कोलंबिया अंतराळयानाच्या पंखाला उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा लागला, तेव्हा यान अंतराळात असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज स्लाइडवर मांडला. मथळा दिलासा देणारा, आणि अगदी तळाशी एक ओळ: तुकडा १९२० घन इंचांचा, आणि ज्या चाचणीवर अंदाज बेतला तिच्यातला फक्त ३ घन इंचांचा. यान परतताना तुटलं, सातही अंतराळवीर गेले. अपघाताची कारणं अनेक होती, पण तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइडवर भागवण्याच्या सवयीवर चौकशी मंडळाने ताशेरे ओढले. ती तळाची ओळ माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून स्लाइड पार टाकल्यात असं नाही. मशीनचा गळका सांधा मी शब्दांत समजावत बसलो होतो, कोणाच्या लक्षात येईना. फोटो लावला आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "अहो, वायसर उलटा बसलाय!" आलेख, नकाशा, फोटो यांना पडदाच हवा. पडद्यावर वाक्यं टाकून तीच वाचून दाखवणं मात्र वाईट. माणसं आपल्याआधी वाचून संपवतात आणि उरलेला वेळ आपल्याकडे बघत बसतात. एक छोटी सोय खूप उशिरा कळली: स्लाइड शोमध्ये कीबोर्डवरचं 'बी' दाबलं की पडदा काळा होतो आणि नजरा बोलणाऱ्याकडे वळतात.

टिपणाचा त्रासही आहे. लिहायला स्लाइडपेक्षा जास्त वेळ जातो. दोघं-तिघं नुसतीच पानं उलटतात, ते लगेच कळतं. मोठ्या सभागृहात ही पद्धत चालतच नाही. गेल्या महिन्यात दोनशे लोकांपुढे बोलायचं होतं, तिथे नऊ स्लाइड नेल्या, सगळ्या चित्रांच्या. नंतर एकाने विचारलं, "स्लाइड पाठवता का?" पाठवून उपयोग नव्हता, माझ्या बोलण्याशिवाय त्यातून कोणाला काय कळणार? त्यांना टिपण पाठवलं.