स्टाइलशीटचा पाथ: डॉट डॉट स्लॅश की थेट रूटपासून?

साइटचे फोल्डर पाडायला लागलं की हा प्रश्न येतोच, स्टाइलशीट (पानाची सजावट ठरवणारी सीएसएस फाइल) जोडताना तिचा पाथ, म्हणजे पत्ता, रिलेटिव्ह म्हणजे त्या पानापासून मोजून द्यायचा, की पुढे एक स्लॅश लावून थेट रूटपासून, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या अगदी मुळापासून. सगळी पानं एकाच फोल्डरात असतील तर काहीही लिहा, फारसं बिघडत नाही.

रिलेटिव्हचं सुख म्हणजे फाइलवर डबल क्लिक केलं की पान सजूनधजून उघडतं, सर्व्हर वगैरे लागत नाही. स्लॅशवाला पाथ तिथे मार खातो, विंडोजवर तो सीएसएसचा फोल्डर थेट ड्राइव्हच्या मुळाशी, बहुधा सी ड्राइव्हवर, शोधत बसतो. व्हीएस कोड या एडिटरमध्ये लाइव्ह सर्व्हर हे एक्स्टेंशन (आपल्याच संगणकावर साइट सर्व्हरवरून दाखवणारं) टाकलं की हे मिटतं, फक्त साइटचाच फोल्डर उघडा, त्याच्या वरचा नको.

पण माझा जीव खाल्ला तो हेडरने. होमपेजवरचा हेड (स्टाइलशीट जोडतात तो वरचा भाग) आणि मेन्यू कॉपी करून ब्लॉगच्या फोल्डरातल्या पानात टाकला की स्टाइल गायब, पांढरं पान, निळ्या लिंका आणि तो जुनाट फॉन्ट. मग तिथे डॉट डॉट स्लॅश (म्हणजे एक फोल्डर वर जा) लावा, आणखी एक फोल्डर आत गेलात की दोनदा लावा, लोगोला लावा, मेन्यूच्या प्रत्येक लिंकला लावा, आणि पुढे पान हलवलं की परत मोजत बसा. ४०४ च्या पानावर (पत्ता सापडला नाही की दिसतं ते) तर मोजूनही उपयोग नाही, कारण पान एकच पण ते कुठल्याही खोल पत्त्यावर दिसू शकतं आणि ब्राउझर पाथ त्या चुकीच्या पत्त्यापासून धरतो. स्लॅश लावला की एकच हेडर सगळीकडे जसाच्या तसा चालतो.

गिटहब पेजेसवर (गिटहबवर ठेवलेल्या फाइलींची साइट करून देणारी सेवा) मात्र जपून, साधा प्रोजेक्ट तिथे रेपोच्या, म्हणजे गिटहबवरच्या त्याच्या फोल्डरच्या, नावाखाली बसतो त्यामुळे स्लॅश त्याच्याही वर जातो आणि स्टाइल सापडत नाही. रेपोला युजरनेम डॉट गिटहब डॉट आयओ असं नाव दिलं किंवा स्वतःचं डोमेन जोडलं तर प्रश्न नाही. ते करायचं नसेल तर रिलेटिव्हच बरं, मी आग्रह नाही करणार, पण पानं वाढणार असतील तर माझ्या मते स्लॅशची सवय आत्ताच लावलेली बरी.

स्टाइलशीटच्या आत मात्र बॅकग्राउंड इमेजला मी अजूनही डॉट डॉट स्लॅशच लावतो. तिथला पाथ पानापासून नाही, त्या सीएसएस फाइलपासून मोजला जातो, आणि ती काही जागची हलत नाही.