जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: महागडं ऑइल की वेगळा कूलर?

जुन्या ऑटोमॅटिकचा गिअर उशिरा पडू लागला, चढावर गाडी तापू लागली की बहुतेकांचा हात आधी भारीतल्या सिंथेटिक ऑइलकडे जातो. माझं मत वेगळं आहे: ऑइल योग्य प्रकारचं असलं की पुरे, उरलेला पैसा ऑइल थंड करणाऱ्या कूलरवर घाला.

प्रकार मात्र काटेकोरपणे पाहा. हे ऑइल नुसतं वंगण नाही, क्लच प्लेट किती घट्ट धरायच्या हेही तेच ठरवतं. 1970 च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच फोर्ड गिअरबॉक्सना टाइप एफ नावाचं ऑइल लागायचं. त्यात घर्षण सौम्य करणारी द्रव्यं नसतात, त्यामुळे प्लेट झटकन धरतात. जनरल मोटर्सच्या डेक्सरॉन ऑइलमध्ये ती असतात, म्हणून गिअर मऊ पडतो. टाइप एफच्या जागी डेक्सरॉन घातलं तर प्लेट घसरून जळण्याचा धोका. उलट केलं तर गिअर धक्के देत पडतात.

डेक्सरॉन 3 की 6? जनरल मोटर्सने ऑइल कंपन्यांना दिलेला 3 चा परवाना 2006 अखेर संपला, म्हणजे आज डब्यावर 3 लिहिलेलं असलं तरी ते तपासणारं कोणी नाही. 6 थोडं पातळ असतं, पण वापरात आपला दाटपणा टिकवतं. जनरल मोटर्सच्या धडधाकट गिअरबॉक्सला मी 6 च घालेन. दुसऱ्या कंपनीच्या किंवा सील झिरपणाऱ्या गिअरबॉक्सला 3 च्या दर्जाचं, नावाजलेल्या कंपनीचं ऑइल बरं.

आता उष्णता. ती मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) तयार होते, आणि लॉक-अप, म्हणजे त्याच्या दोन बाजू थेट जखडणारी सोय, नसलेल्या जुन्या कन्व्हर्टरमध्ये थोडी घसरण कायम चालूच असते. 80-90 अंश सेल्सिअसला ऑइल सुखात असतं. 115 च्या आसपास त्याचा चिकट थर जमू लागतो. ढोबळ हिशेब असा, की दर 10-11 अंशांच्या वाढीला ऑइलचं आयुष्य निम्म्यावर येतं. सिंथेटिक ही उष्णता जास्त काळ सोसतं, हे खरं. पण रबरी सील आणि क्लच प्लेट त्याच तापलेल्या ऑइलमध्ये बुडालेल्या असतात, त्यांना सिंथेटिकचा काय आधार?

रेडिएटरच्या टाकीतला मूळ कूलर रोजच्या हलक्या वापराला पुरतो. घाट, ओझं किंवा तुंबलेली रहदारी नेहमीची असेल तर बाहेरचा कूलर लावाच, आणि तो नळ्या-पात्यांचा (ट्यूब-अँड-फिन) न घेता थरांच्या प्लेटचा घ्या. तेवढ्याच जागेत तो जास्त उष्णता काढतो. ऑइल आधी रेडिएटरमधून, मग बाहेरच्या कूलरमधून आणि तिथून गिअरबॉक्सकडे, असा क्रम ठेवा. थंडीत रेडिएटर ऑइलला ऊबही देतो, म्हणून सहसा तो वगळू नये. अपवाद एकच: रेडिएटर इतका जुना की आतली नळी फुटण्याची भीती आहे. कूलंट ऑइलमध्ये मिसळलं की ते गुलाबी, दुधाळ होतं आणि क्लच प्लेटवरचं अस्तर सुटतं. असा रेडिएटर बदलायचा नसेल तर बाहेरच्या कूलरवरच भिस्त ठेवा, मात्र त्याला थर्मोस्टॅट (ऑइल गरम झाल्यावरच ते कूलरकडे सोडणारी झडप) जोडा.

पैसे काढण्याआधी ऑइल पॅन (गिअरबॉक्सच्या तळाचं भांडं) उघडून आतलं चुंबक बघा. त्यावर मऊ राखाडी लेप असेल तर चालतं. धातूचे कीस निघाले, ऑइल काळं आणि जळक्या वासाचं असलं, तर ऑइलही नको, कूलरही नको; गिअरबॉक्स खोलावाच लागेल.

पॅन रिकामं केल्यावर बरंचसं जुनं ऑइल कन्व्हर्टरमध्येच राहतं, हे लक्षात ठेवून काही दिवसांनी पुन्हा बदला. नव्या कूलरमध्येही थोडं ऑइल जातं, तेव्हा पातळी गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, ऑइल गरम असतानाच बघा.