निक्सी तपासायला काय वापरावं: बूस्ट मॉड्यूल की डासांची बॅट?

'८ ते ३२ व्होल्ट आत, ४५ ते ३९० व्होल्ट बाहेर' असं लिहिलेलं स्वस्त डीसी-डीसी बूस्ट मॉड्यूल, म्हणजे कमी व्होल्टेज चढवून देणारं सर्किट, जुन्या सोव्हिएत आयएन-१२ ट्यूब तपासायला घ्यावं का? आयएन-१२ ही निक्सी ट्यूब, म्हणजे आकडे उजेडाने दाखवणारी वायूभरली काचेची नळी. घ्यावं, पण हाती आलं तसं जोडू नये.

आयएन-१२ पेटायला सुमारे १७० व्होल्ट लागतात. एकदा पेटली की तिच्यावर १४०च्या आसपासच उरतात, आणि प्रवाह २.५ मिलिॲम्पिअरच्या जवळ ठेवायचा असतो. म्हणजे अर्धा वॉटही लागत नाही, आणि मॉड्यूल ४० वॉटचं. ते ट्यूबलाही झेपत नाही आणि बोटालाही.

आधी काही न जोडता मल्टिमीटर लावून ट्रिमपॉटने, म्हणजे मॉड्यूलवरच्या छोट्या फिरत्या स्क्रूने, १८० व्होल्ट पक्के करा. नवं मॉड्यूल कितीवर सेट होऊन आलंय याचा भरवसा नसतो. धन, शून्य आणि ऋण अशी तीन टर्मिनलं असतील तर धन आणि शून्यच वापरा. धन आणि ऋण यांच्यामध्ये दुप्पट व्होल्टेज असतं. १५ किलोओम, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर थेट धन टर्मिनलवर सोल्डर करा, म्हणजे उघडी क्लिप रेझिस्टरच्या पलीकडे राहते. आउटपुटवर २२० किलोओम, १ वॉटचा ब्लीडरही, म्हणजे उरलेला चार्ज रिकामा करणारा रेझिस्टरही हवाच. बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेला असतो, म्हणून मीटर शून्य दाखवेपर्यंत हात लावू नका. हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चिल्लर पैशांत मिळतं.

धन पिन १ला, म्हणजे ॲनोडला. शून्य (दोनच टर्मिनलं असतील तर ऋण) एकेका कॅथोडला, म्हणजे एकेका आकड्याच्या पिनला. रेझिस्टरवर ४० व्होल्टच्या आसपास दिसले तर प्रवाह ठीक आहे. अंक अर्धाच पेटला आणि प्रवाह बरोबर असेल, तर कॅथोडवर थर बसलाय. तो अंक काही तास ४ मिलिॲम्पिअरवर पेटता ठेवला की बहुतेक वेळा सुधारतो. प्रवाहच कमी असेल तर दोष ट्यूबचा नाही. पिनांच्या तारांवरही उजेड चढत असेल तर प्रवाह जास्त आहे. काचेच्या आतला गेटरचा (उरलेली हवा शोषणाऱ्या धातूचा) चंदेरी डाग पांढरा पडलाय? हवा शिरली, फेकून द्या. अंधारात पेटायला क्षणभर उशीर लागला तर घाबरू नका, टॉर्च मारून बघा. आणि ५ म्हणजे उलटा २ दिसतो, तो दोष नव्हे; आयएन-१२ तशीच बनवली आहे.

डासांच्या बॅटने ट्यूब पेटते, पण तिच्या जाळीवर हजाराच्या वर व्होल्ट असतात. १०० किलोओमचे दहा रेझिस्टर एकापाठोपाठ लावावे लागतात, कारण एकटा रेझिस्टर इतकं व्होल्टेज सहन करत नाही. शिवाय भार पडला की बॅटचं व्होल्टेज कोसळतं. त्यामुळे ट्यूब जिवंत की मेलेली एवढंच कळतं. थर बसलाय की प्रवाह अपुरा पडतोय, हे नाही. २५० व्होल्टचा मेगर (इन्शुलेशन तपासायचं मीटर) याहून बरा, पण त्याचा प्रवाह १ मिलिॲम्पिअरच्या आसपास अडतो, म्हणून अंक अर्धवट दिसला तर ट्यूबला नावं ठेवू नका.

घरातली २३० व्होल्टची लाइन डायोड लावून थेट वापरायचा सल्ला मात्र कुणी दिला तर ऐकू नका. शिखराला ३२५ व्होल्ट, आयसोलेशन (लाइनपासून वेगळं ठेवणारा ट्रान्सफॉर्मर) नाही, आणि हातातली क्लिप थेट फेजला.