एकच वेळ, दोन वेगळे कागद: हायरॉक्सनंतर भर धावण्यावर द्यायचा की स्टेशनवर?

हायरॉक्स म्हणजे हॉलमध्ये होणारी, धावणं आणि व्यायामप्रकार आलटून-पालटून करायची रेस. पहिली हायरॉक्स संपवून आलेला माणूस आधी एकूण वेळ सांगतो, मग आपला नंबर. पुढच्या रेससाठी नेमकं काय सुधारायचं, हे मात्र या दोन्ही आकड्यांवरून कळत नाही. ते कळतं स्प्लिटच्या, म्हणजे रेसच्या प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला त्याच्या कागदावरून, आणि तो कागद बहुतेक जण एकदा वरवर चाळून बाजूला ठेवतात. माझ्याकडे असे दोन कागद आहेत. एक माझा, दुसरा माझ्याबरोबर व्यायाम करणाऱ्या मित्राचा. एकच दिवस, एकच हॉल, दोघंही पुरुषांच्या ओपन, म्हणजे सर्वसाधारण गटात. मला लागले १:३२:१०, त्याला १:३१:५०. फरक फक्त २० सेकंदांचा. पण कागद ओळीने वाचला, तर दोघं दोन निरनिराळ्या रेस करून आलेत असं वाटावं. रेस झाल्यावर आम्ही दोघांनीही त्यातून चुकीचा अर्थ काढला होता, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ज्यांनी अजून रेस केलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १ किलोमीटर रन, मग एक स्टेशन, म्हणजे एक ठरलेला व्यायामप्रकार, असं आठ वेळा. कुठल्याही शहरात गेलात तरी रचना हीच. स्टेशनकडे जायच्या-यायच्या पट्ट्याला रॉक्सझोन म्हणतात आणि तिथला वेळही घड्याळात धरला जातो. खालच्या तक्त्यात स्टेशनं रेसच्या क्रमानेच आहेत. नावं नवी असतील तर: स्कीअर्ग म्हणजे उभं राहून दोऱ्या खाली ओढायचं मशीन; स्लेड म्हणजे गालिच्यावरून आधी ढकलायची (पुश) आणि मग दोराने ओढायची (पुल) वजनदार घसरगाडी; बर्पी ब्रॉड जंप म्हणजे जमिनीवर झोपून उठायचं आणि पुढे लांब उडी मारायची; फार्मर्स कॅरी म्हणजे दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं; सँडबॅग लंजेस म्हणजे वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन गुडघा टेकवत पुढे जाणं; वॉल बॉल म्हणजे उठाबशी काढत जड बॉल भिंतीवरच्या खुणेवर फेकणं.

| | मी | मित्र |
|---|---|---|
| पहिला रन | ४:५५ | ४:५० |
| दुसरा रन | ५:०५ | ५:३० |
| शेवटचा रन | ५:३० | ६:४५ |
| आठ रन मिळून | ४२:१० | ४८:२० |
| स्कीअर्ग, १००० मी. | ४:४० | ४:२० |
| स्लेड पुश, ५० मी. | ४:५० | २:५० |
| स्लेड पुल, ५० मी. | ७:१० | ४:२० |
| बर्पी ब्रॉड जंप, ८० मी. | ५:४० | ५:२० |
| रोइंग, १००० मी. | ४:५५ | ४:३५ |
| फार्मर्स कॅरी, २०० मी. | २:३५ | २:०० |
| सँडबॅग लंजेस, १०० मी. | ५:५० | ४:५० |
| वॉल बॉल, १०० | ८:२० | ६:१० |
| आठ स्टेशन मिळून | ४४:०० | ३४:२५ |
| रॉक्सझोन | ६:०० | ९:०५ |

आधी मित्राचा कागद घेऊ. तो वर्षानुवर्षं वजनं उचलणारा. रेस संपल्यावर त्याचं म्हणणं असं की स्लेडने पाय मारले, म्हणून पुढचे रन कोसळले, म्हणजे पाय आणखी दणकट करायला हवेत. ऐकायला पटतं. पण त्याचा दुसरा रन बघा. पहिला ४:५०, दुसरा ५:३०. या दोन रनच्या मध्ये फक्त स्कीअर्ग आहे. स्लेडला त्याने अजून हातही लावलेला नव्हता! घसरण स्लेडच्या आधीच सुरू झाली होती, तेव्हा दोष स्लेडकडे जात नाही.

मग कुठे जातो? मी त्याला ताज्या पायांनी ५ किलोमीटर कितीत धावतोस ते विचारलं. २४:३०, म्हणजे किलोमीटरला ४:५४. याचा अर्थ दीड तासाच्या रेसचा पहिला किलोमीटर तो आपल्या ५ किलोमीटरच्या रेसपेक्षाही वेगात धावला. आजूबाजूला गर्दी, संगीत, अंगात जोर, सगळं समजतं. पण पहिल्या पाच मिनिटांत घेतलेलं हे कर्ज पुढचे सात रन व्याजासकट वसूल करत राहिले. त्या सात रनची सरासरी ६:१३ आली, पहिल्यापेक्षा ८३ सेकंदांनी हळू.

माझी ५ किलोमीटरची वेळ २२:००, म्हणजे किलोमीटरला ४:२४. मी सुरुवात केली ४:५५ ने, म्हणजे ३१ सेकंद हातचे राखून. पुढच्या सात रनची सरासरी ५:१९. पहिल्या रनपेक्षा फक्त २४ सेकंद जास्त. पहिला किलोमीटर दोघांचा जवळपास सारखाच दिसतो, पण त्याची किंमत दोघांना सारखी पडली नाही. म्हणून आपला पहिला रन दुसऱ्याच्या पहिल्या रनशी लावून बघू नका. तो स्वतःच्या ५ किलोमीटरच्या वेगाशी लावून बघा.

स्कीअर्गवरही हेच घडलं, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण तिथे चूक डोळ्यांना दिसत नाही. स्कीअर्ग आणि रोइंग मशीनमध्ये हवा कापणारं चाक असतं. वेग वाढवायचा तर ताकद त्याच्या घनाच्या प्रमाणात लागते. माझे ४:४० म्हणजे ५०० मीटरला २:२०, म्हणजे साधारण १२८ वॅट. त्याचे ४:२० म्हणजे ५०० मीटरला २:१०, म्हणजे साधारण १५९ वॅट. २० सेकंद वाचवायला त्याने जवळजवळ २५ टक्के जास्त ताकद ओतली आणि लगेचच्या रनवर ४० सेकंद घालवले. ते ४० सगळेच स्कीअर्गचे नाहीत, काही पहिल्या किलोमीटरचेही आहेत. तरीही हा सौदा तोट्याचाच. मशीनवर धाप आवरून चालणं हे मला या रेसमधलं सगळ्यात स्वस्तात मिळणारं शहाणपण वाटतं.

रॉक्सझोनमधली त्याची ९:०५ सुद्धा याच हिशेबात धरा. लोक तिला फुटकळ समजतात. रस्ता चुकणं, पाण्यापाशी थांबणं हे त्यात असतं, पण तीन मिनिटांचा फरक त्यातून पडत नाही. तो स्टेशनवरून निघाल्यावर कमरेवर हात ठेवून चालत होता, मी पाहिलंय. छाती भरून आलेला माणूस तिथे श्वास गोळा करतो. रॉक्सझोन फुगलेला असेल तर तो दमसासाचाच आकडा समजा.

आता माझा कागद. मी धावणारा माणूस, त्यामुळे रेसनंतर मी ठरवलं की रनमध्ये आपण पुढे आहोत, तेच अजून धारदार करू. हा निर्णय आवडीतून आला होता, कागदातून नव्हे. हिशेब करा: प्रत्येक रनमध्ये मी १० सेकंद कमी केले, आणि त्याला महिनोन्महिने लागतात, तरी हाती येतात ८० सेकंद. उलट एकट्या स्लेड पुलवर मी मित्राच्या मागे आहे १७० सेकंद.

पण स्टेशनवर वेळ गेला म्हणजे ताकद कमी पडली असं लगेच मानू नका. वॉल बॉलची ८:२० मला पुरी कळली ती बायकोने मोबाइलवर घेतलेल्या व्हिडिओमुळे. मी बसून मोजलं. बॉल २२ वेळा खाली ठेवला आणि दर वेळी सरासरी १२ सेकंद उभा राहिलो. म्हणजे ५०० सेकंदांपैकी २६४ सेकंद बॉल हातातच नव्हता! प्रत्यक्ष फेकायला लागले २३६. सुरुवातीला जोशात सलग २५ मारले, मांड्या भरून आल्या, आणि शेवटी तीन-तीन, चार-चारवर आलो. ६ किलोचा बॉल मला जड नव्हता. वाटणी चुकली होती. आता मी पहिल्या फेकीपासून दहा-दहा मारतो आणि मधे मोजून चार श्वास घेतो, मग कितीही ताजं वाटो.

स्लेड पुलची गोष्ट वेगळी. ओपन पुरुषांना स्लेडसकट १०३ किलो ओढायचे असतात. मी ते नुसत्या हातांनी ओढले. पहिली १२.५ मीटरची खेप बरी गेली, तिसरीपर्यंत मुठी उघडायला लागल्या. दोर घट्ट धरायचा, हात सरळ ठेवायचे आणि आखलेल्या चौकटीत मागे चालत अंगाचं वजन टाकायचं, हे तंत्र मला माहीतच नव्हतं. इथे तंत्रही कमी होतं आणि पाठ-मुठीची ताकदही.

स्लेडच्या आकड्याबाबत एक सावधगिरी हवीच. गालिचा किती धरतो यावर स्लेडचा वेळ खूप बदलतो. एका शहरातल्या ३:३० ची दुसरीकडच्या ४:३० शी तुलना करून खूश किंवा नाराज होण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा त्याच दिवशी, त्याच गटात, त्या स्टेशनवर आपण कितवे आलो ते बघा. एकूण नंबर तुमचा मधोमध असेल आणि स्लेड पुलमध्ये तुम्ही तळाला असाल, तर बोलतो तो हाच फरक.

घड्याळावर फार विसंबू नका. हॉलमध्ये जीपीएस अंतर नीट मोजत नाही, आणि मूठ आवळलेली असताना मनगटावर मोजलेले हृदयाचे ठोकेही चुकतात. छातीचा पट्टा असेल तर ठोके उपयोगी पडतात. पहिल्या रनमध्येच ते कळसाला भिडलेले दिसले, तर बाकी कारण शोधत बसू नका.

मग तुम्ही काय ठरवायचं? पहिला रन सोडून उरलेल्या सातांची सरासरी काढा. ती पहिल्यापेक्षा मिनिटभर किंवा जास्त हळू असेल, रॉक्सझोन मोठा असेल आणि स्टेशनं बरी असतील, तर तुमचा कागद माझ्या मित्रासारखा आहे. आठवड्याला तीन दिवस धावा. त्यातले दोन दिवस इतक्या सावकाश की शेजारच्याशी बोलता यावं. तिसऱ्या दिवशी रेसच्या वेगाचे किलोमीटर आणि मधे लंजेस, म्हणजे थकल्या पायांनी धावायची सवय होईल. वजनं आहेत तेवढी टिकवा, वाढवायच्या फंदात पडू नका. मित्राला हे गळी उतरवायला मला दोन आठवडे लागले, कारण सावकाश धावणं त्याला व्यायामच वाटत नव्हतं.

रन सपाट असतील आणि दोन-तीन स्टेशनं मिनिटंच्या मिनिटं खात असतील, तर तुम्ही माझ्या बाजूचे. आठवड्यातला धावण्याचा एक दिवस कमी करा, दोन दिवस ताकदीला द्या, आणि वॉल बॉल नेहमी धावून आल्यावर मारा. ताजेतवाने असताना मारलेले शंभर रेसबद्दल काहीच सांगत नाहीत.

दोन्हीकडे थोडं थोडं कमी असेल, तर पुढची रेस किती लांब आहे त्यावर ठरवा. वॉल बॉलची वाटणी, दोर ओढायचं तंत्र, पहिला किलोमीटर आवरणं, हे पाच-सहा आठवड्यांत बसतं. दमसास तसा येत नाही, त्याला महिने द्यावे लागतात. रेस दीड महिन्यावर असेल तर स्टेशनच्या चुका दुरुस्त करा. सहा महिने हातात असतील तर धावायला लागा.

गट बदलायचा विचार असेल तर प्रो, म्हणजे जास्त वजनांचा गट, माझ्यासारख्याने इतक्यात करू नये. पुरुषांचा स्लेड पुश १५२ वरून २०२ किलोवर जातो, पुल १०३ वरून १५३ वर. डबल्समध्ये, म्हणजे जोडीने उतरायच्या गटात, स्टेशनचं काम वाटून घेता येतं, पण रन दोघांना बरोबरच धावावे लागतात. म्हणजे स्टेशनमध्ये कच्च्या माणसाला तिथे आधार मिळतो, धावण्यात कच्च्याला तेवढा नाही. आम्ही दोघं पुढच्या वेळी डबल्समध्येच उतरतोय. दोर बराचसा तो ओढेल, बर्पी जास्त मी घेईन, आणि पहिला किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत संपवायचा नाही, असं त्याने स्वतःहून कबूल केलंय.