हिरड्यांतून रक्त येतंय: तेलाची गुळणी धरावी की त्रिफळ्याच्या काढ्याने चुळा भराव्यात?

दातांचं किटण काढून झालंय, डॉक्टरांनी मऊ ब्रश वापरायला सांगितलाय, तोही इमानेइतबारे चालू आहे. तरी पेरूचा लचका तोडला की पांढऱ्या गरावर बारीक लाल रेघ उमटतेच. अशा वेळी घरातलं निम्मं माणूस सांगतं तेलाची गुळणी धर, उरलेलं सांगतं त्रिफळ्याचा काढा कर. मी दोन्ही बरेच दिवस केलं आहे आणि आता एकच करतो. हे लिखाण त्या टप्प्यावर अडकलेल्यांसाठी. दात ठणकत असेल, हलत असेल, हिरडीतून पू येत असेल किंवा तोंडात न भरणारा चट्टा असेल, तर आधी दवाखाना गाठा. साचलेलं किटण तेलाने निघत नाही, काढ्यानेही नाही.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत या दोन्हींना मान आहे, पण कामं वेगळी नेमलेली आहेत, हे आपण सोयीस्कर विसरतो. चरकाने तेलाच्या गुळणीचे जे फायदे सांगितलेत, त्यांत जबड्याची ताकद, आवाज, घशाची कोरड, ओठ न फुटणं आणि आंबटाने दात न आंबणं अशी यादी येते. म्हणजे रोख कोरडेपणा आणि शिवशिवीवर. सुश्रुताने मुखरोग ६५ मोजले, त्यांतले १५ एकट्या दंतमुळांचे, म्हणजे हिरड्यांकडचे. त्यातल्या शीताद नावाच्या रोगाचं वर्णन वाचलं तर आपलीच केस वाटते: हिरड्यांतून अचानक रक्त, दुर्गंधी, हिरड्या मऊ पडून काळपट होणं. त्यावर त्याने आधी रक्त काढायला सांगितलंय आणि मग सुंठ, मोहरी, त्रिफळा, नागरमोथा यांच्या काढ्यात रसांजन (दारुहळदीचा आटवलेला अर्क) घालून गुळण्या. (रक्त काढायचं काम हल्ली स्केलिंगवाले, म्हणजे दातांचं किटण काढणारे, करतात, असं आमचे वैद्य हसत हसत म्हणतात.) तेव्हा पुस्तकाचा कौल रक्तासाठी काढ्याकडे झुकतो. पण पुस्तक बघून कोण ठरवतं? मी तेलानेच सुरुवात केली, कारण तेल घरात होतं.

आणि तेल वाईट नाही, हे आधी सांगतो. लाकडी घाण्याचं तिळाचं तेल कोमट करून धरलं की तोंड दिवसभर ओलसर राहतं. फ्रिजमधलं पाणी प्यायल्यावर खालच्या दातांतून जी कळ जायची, ती माझ्या बाबतीत चांगलीच कमी झाली. खोबरेल चवीला सौम्य, पण पुण्याच्या थंडीत सकाळी बाटलीत घट्ट बसलेलं असतं आणि ते पातळ करत बसण्यातच पाच मिनिटं जातात. वैद्यांनी इरिमेदादी तेलही दिलं होतं. ते तिळाच्या तेलावरच सिद्ध केलेलं असतं, वास उग्र, पण हिरड्यांसाठी साध्या तेलापेक्षा मला बरं वाटलं. रक्त? थोडं कमी झालं असावं. पेरूवरची रेघ फिकी झाली, गेली नाही.

आता माझं तेलाशी जे फाटलं, ते सांगतो. गंडूष म्हणजे तोंड गच्च भरून, न खळबळता धरायचं. किती वेळ? ग्रंथात घड्याळ नाही. तोंड कफाने भरेपर्यंत, नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागेपर्यंत. मोबाईलवर फिरणारी वीस मिनिटं त्यात कुठे नाहीत, पण अगदी कमी धरलं तरी तेवढा वेळ माणूस मुका होतो. आणि आमच्या घरात सकाळी सहा ते साडेसात या वेळात मुकं राहणं कुणालाच परवडत नाही. दूधवाला सुट्टे मागतो. आई आतून विचारते, "अरे, टाकी भरली का बघितलंस?" मी "हं हं" करतो, तिला ते "हो" वाटतं, मोटर बंद होते आणि अर्ध्या अंघोळीत नळाचं पाणी जातं. मुलगी डब्याचं झाकण शोधत असते, मी हातवारे करून फडताळ दाखवतो, ती उलट्या फडताळात बघते. शेवटी बेसिनकडे धावत जाऊन थुंकायचं, आणि आईचं पुढचं वाक्य तयार असतंच: "बेसिनमध्ये नको रे, जाळी तुंबते." तिचंही खरं आहे. तेल आणि लाळ मिसळून जो पांढरट चिकट थर होतो, तो गरम पाणी ओतल्याशिवाय सरकत नाही. रात्री करून पाहिलं, तर जेवणानंतर तोंडभर तेल धरलं की मला मळमळतं. एकटे राहत असाल किंवा घर उशिरा जागं होत असेल, तर ही सगळी तक्रार तुमच्यासाठी फिजूल आहे.

काढ्याचं तसं नाही. तो कवलासारखा, म्हणजे तोंडात सहज खळबळेल एवढाच घ्यायचा, अर्धा मिनिट फिरवायचा, थुंकायचा, मध्ये "आलो!" म्हणून ओरडायचं, दुसरा घोट घ्यायचा. मी रात्री ब्रश केल्यावर करतो. संध्याकाळी कुकर लागतो तेव्हाच शेजारच्या शेगडीवर चमचाभर त्रिफळा दोन कप पाण्यात आटवून निम्मा करून ठेवतो. एवढ्यात काम होतं.

त्याचे त्रास आहेतच. चव आधी तुरट, मग कडवट, आणि नंतर पाणी प्यायलं तर उगीचच गोड लागतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवला की आंबूस वास येतो, म्हणून रोज ताजा करावा लागतो. लोखंडी भांड्यात उकळू नका, त्रिफळ्यातल्या हिरडा या फळातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोह मिळून शाईसारखा काळा होतो; स्टील बरं. पांढऱ्या टॉवेलवर डाग पडतो आणि तो जात नाही. पण हिरड्या? तुरट रस आवळून धरतो, तसं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जाणवायला लागलं. ब्रशचा गुलाबी फेस आधी गेला, पेरूवरची रेघ नंतर. मध्ये गुलाबी माउथवॉशही वापरला होता. त्याचा उपयोग झाला, पण त्यातलं क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लांबवलं की दात तपकिरी होतात आणि चव मंदावते, म्हणून डॉक्टरांनीच थोड्या दिवसांत थांबवायला लावलं. काढ्याचं असं काही माझ्या अनुभवात नाही, प्रत्येकाचं तोंड वेगळं हे मान्य करून.

दंतमंजनाचं विचाराल तर रक्त येत असताना बोटाने खसाखसा घासणं मी टाळीन. लाल मंजनात गेरू भरपूर असतो. असंच एक लाल दंतमंजन औषध की प्रसाधन, हा अबकारी कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि १९९५ साली ते औषध नव्हे असा निकाल लागला. दातुण सुंदर, पण रोज ताजी कडुनिंबाची किंवा करंजाची काडी शहरात कोण आणून देणार? आणि मिश्रीला मंजन समजणाऱ्या मावश्या अजून घरोघरी आहेत. ती भाजलेली तंबाखू आहे, तिला या तुलनेत जागाच नाही.

तर दात आंबत असतील, तोंड कोरडं पडत असेल, जबडा आखडत असेल, तर तेल घ्या, सकाळच्या शांततेची सोय असल्यास. रक्त हीच मुख्य तक्रार असेल तर मी काढा म्हणेन. मुलांना यांतलं काहीच घाईने नको. शार्ङ्गधर या जुन्या आयुर्वेद ग्रंथकाराने गुळण्या वयाच्या पाच वर्षांनंतर सांगितल्यात, आणि तेल तर गिळलं किंवा ठसका लागून फुप्फुसात गेलं तर त्रास होतो, म्हणून मी आणखी थांबेन.

काष्ठौषधीवाल्याकडे गेलात की त्रिफळ्याची भरड मागा, चूर्ण नको. चूर्ण कितीही गाळलं तरी गाळ दातांच्या फटीत बसतो आणि झोपायच्या आधी परत ब्रश करावा लागतो. भरड नाही म्हणाला तर हिरडा, बेहडा, आवळकाठी सुटी घ्या, बिया काढून समभाग खलबत्त्यात जाडसर कुटा. महिनाभराचं एकदम कुटू नका, पावसाळ्यात बुरशी धरते.