बॉल, बिट, रिंग की ओढणी: पहिल्यांदा गॅग घ्यायचा तर कोणता

गॅग, म्हणजे सेक्सच्या खेळात दोघांच्या संमतीनं तोंडात घालायची, बोलणं अडवणारी वस्तू, वापरून बघायचा हे दोघांचं ठरलंय पण कोणता घ्यायचा यावर गाडी अडली असेल तर हे तुमच्यासाठी आहे. आम्ही नवरा-बायको नागपुरातच राहतो, दोघंही तिशी ओलांडलेले, बरीच वर्षं हे करतोय आणि गॅग बहुतेक वेळा माझ्या तोंडात असतो, त्यामुळे जे लिहितेय ते अंगावर घेतलेलं आहे. दुकानाच्या साईटवर फोटो पाहून रंग आणि बक्कल आवडतं म्हणून लोक ऑर्डर करून टाकतात, पण माझ्या मते बघायच्या गोष्टी दोनच. नाक अचानक चोंदलं तर त्या गॅगच्या बाजूनं तोंडातून श्वास येतो का, आणि समोरच्याला तो काढायला किती सेकंद लागतात. बाकी सगळं नंतर.

बॉल गॅग, म्हणजे पट्ट्याला लावलेला तोंडात धरायचा गोळा, सगळ्यांना माहीत असतो म्हणून पहिला तोच घेतला जातो. सिलिकॉनचा असेल तर दातांना मऊ लागतो, साफ करायला सोपा, पण भरीव बॉल तोंडात बरोबर बसला की तोंडानं श्वास जवळपास बंद, सगळी भिस्त नाकावर. साईज हा यातला मोठा घोळ आहे. साधारण 38, 44 आणि 50 मिलिमीटर असे मिळतात आणि लोक मधला म्हणून 44 उचलतात. नवीन माणसानं 38 च्या वर जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण सहा मिलिमीटरचा फरक हातात कळत नाही पण दहा मिनिटांनी कानापुढच्या सांध्यात बरोबर कळतो. भोकं असलेला प्लास्टिकचा पोकळ बॉलही येतो, त्यातून हवा बऱ्यापैकी येते, पण तो कडक असतो, जोरात चावला तर दाताचा टवका उडू शकतो. कॅप, ब्रिज, ब्रेसेस असलेल्यांनी तो घेऊ नये.

बिट गॅग म्हणजे घोड्याच्या लगामासारखी आडवी दांडी, दातांमध्ये धरायची. दिसायला बॉलइतका भारी नाही म्हणून लोक सोडून देतात, आणि मला मात्र सुरुवातीसाठी हाच सगळ्यात पटतो. जबडा फार उघडावा लागत नाही, वरून-खालून हवा येते, गिळता येतं, अस्पष्ट का होईना बोलताही येतं. लाकडी किंवा धातूची उघडी दांडी नको, वर सिलिकॉन किंवा रबराचं आवरण पाहिजे. आवाज मात्र यानं फारसा दबत नाही, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून गॅग पाहिजे असेल तर हा कामाचा नाही. तसं तर कोणताच गॅग आवाज पूर्ण बंद करत नाही, आणि जो करतो तो धोक्याचा असतो.

रिंग गॅगमध्ये दातांमागे एक कडी बसते आणि तोंड उघडंच राहतं, त्याबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो, तोंड उघडं म्हणजे सेफ. श्वासाला अडथळा सगळ्यात कमी हे खरं, पण जबडा सतत ताणलेला राहतो आणि तोंड मिटता येत नसल्यामुळे गिळणं फार जड जातं. लाळ गळत राहते, आणि माणूस पाठीवर झोपलेला असेल तर तीच घशात जमून ठसका लागतो. रिंग तोंडात आडवी फिरूही शकते. घेऊच नका म्हणत नाही, पण आधी महिना-दोन महिने बिट किंवा छोटा बॉल वापरून झाला असेल तरच, आणि तेव्हाही पाच मिनिटांनी काढायचा.

ओढणी किंवा सुती रुमाल दातांमधून घेऊन मागे बांधणं, हे घरात आधीच असतं, खर्च शून्य, ट्राय करायला चांगलं. अडचण गाठीची. लाळेनं कापड ओलं झालं की गाठ आवळते आणि घाईत सुटत नाही, वरून केस अडकतात. म्हणून गाठ मानेमागे नाही, गालाच्या बाजूला घ्यायची आणि बोथट टोकाची पट्टी कापायची कात्री, मेडिकलच्या दुकानात मिळते ती, हाताला लागेल अशी ठेवायची. कापडाचा बोळा करून तोंडात कोंबणं ही वेगळीच गोष्ट आहे, तो मागे सरकून घसा बंद करतो, ते करूच नका. तोंडात हवा भरून फुगवायचे गॅग पण त्याच यादीत. टेपचं म्हणाल तर पार्सलचा टेप चामडी सोलतो, फक्त स्वतःलाच चिकटणारा बाँडेज टेप तेवढा त्रास देत नाही, पण टेप कोणताही असो, तोंड पूर्ण सील होतं.

आता नागपूरचं म्हणून जे लिहायचं ते. आपल्याकडे बऱ्याच जणांना खर्ऱ्याची सवय असते, आणि सुपारी-तंबाखूनं गालाची आतली कातडी आखडत जाते, तोंड पूर्ण उघडत नाही, तिखट लागलं की जळजळ होते. आपली तीन बोटं एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये जातात का ते आरशासमोर बघा. जात नसतील तर बॉल आणि रिंग दोन्ही विसरा, आणि मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या सरकारी डेंटल कॉलेजला किंवा तुमच्या डेंटिस्टला एकदा तोंड दाखवा, ते गॅगपेक्षा कितीतरी जास्त गरजेचं आहे. दुसरं, सावजी खाऊन आल्या दिवशी नाही. पोट भरलेलं, अॅसिडिटी वर येऊन राहिली आणि तोंडात गॅग, उलटी आली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. जेवणानंतर दोन-तीन तास तरी जाऊ द्यायचे. दारू, गांजा किंवा झोपेची गोळी घेतली असेल तर त्या दिवशी गॅग नाहीच. थंडीत सर्दी, उन्हाळ्यात कूलरच्या जुन्या खसची धूळ, ज्याचं नाक सारखं चोंदतं त्यानं नाक बघून ठरवायचं, दमा असेल तर मात्र नुसतं नाक बघणं पुरेसं नाही. एक नाकपुडी दाबून दुसरीनं श्वास, मग उलट, दोन्ही मोकळ्या असल्या तरच पुढे.

आणि कूलरची गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त सांगायची आहे. तोंड बंद असताना सेफवर्ड, म्हणजे थांबण्यासाठी आधी ठरवलेला शब्द, म्हणता येत नाही म्हणून आमचं ठरलं होतं की घशातून तीनदा हुंकार म्हणजे थांब. मे महिना होता, रात्री सुद्धा भिंती तापलेल्या, डेझर्ट कूलर फुल स्पीडवर. माझ्या जबड्यात डाव्या बाजूनं कळ आली, मी तीनदा हुंकार दिला, त्याला ऐकूच गेलं नाही, पुन्हा दिला, पुन्हा नाही. तो तीन फुटांवर होता! हात बांधलेले नव्हते म्हणून मीच बक्कल काढलं, पण तेवढ्या वेळात छातीत जी धडधड झाली ती मी विसरलेली नाही, आणि तो तर त्या रात्री माझ्यापेक्षा जास्त हादरला. तेव्हापासून माझ्या मुठीत जुन्या किल्ल्यांचा जुडगा असतो. मूठ सोडली की फरशीवर खणकन आवाज येतो, कूलर चालू असला तरी येतो, आणि चक्कर येऊन हात सैल पडला तरी जुडगा पडतोच, हुंकारात ही सोय नाही. गादीवर असाल तर तो गादीवर पडेल आणि आवाज येणार नाही, म्हणून हात कडेला पाहिजे, हे पण आम्हाला एकदा करून पाहिल्यावरच कळलं. शिवाय तो दर मिनिटाला माझा हात दोनदा दाबतो, मी दोनदा दाबून उत्तर देते, नाही दिलं तर गॅग लगेच बाहेर.

पहिल्या वेळी हात मोकळेच ठेवा, म्हणजे घालणाऱ्याला स्वतःला काढता येतो. बसून किंवा कुशीवर, पाठीवर नाही. कुलूपवाला पट्टा नको, साधं बक्कल पाहिजे, आणि दिवे बंद करून ते उघडायची दोघांनी प्रॅक्टिस करून घ्या. पाच मिनिटांपासून सुरू करा, पुढे जास्तीत जास्त दहा-पंधरा. गॅग घातलेल्या माणसाला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही, दाराची बेल वाजली तर आधी गॅग काढायचा, मग दार. ओठ निळसर दिसले, ठसका थांबेना, डोळे घाबरलेले दिसले तर विचारत बसायचं नाही, काढायचा. उलटी झाली तर काढून लगेच कुशीवर वळवायचं, आणि श्वास नीट येत नसेल तर 108 ला फोन, लाज बाळगायची नाही. काढल्यावर जबडा एकदम मिटू नका, हळूहळू, कानापुढे बोटांनी चोळत, आणि पाणी प्या, आपल्या उन्हाळ्यात तोंड लवकर कोरडं पडतं.

मटेरियलचं थोडक्यात. सिलिकॉन घ्या, त्याला घाण शिरेल अशी बारीक छिद्रं नसतात, साबणानं धुऊन पट्टा वेगळा करून पाच मिनिटं पाण्यात उकळता येतं. रबर स्वस्त पण काहींना लॅटेक्सची अॅलर्जी असते, आणि वासाचं मऊ प्लास्टिक तोंडात ठेवायच्या लायकीचं नाही. लेदरचे पट्टे घामानं आणि लाळेनं कुबट होतात, उकळता येत नाहीत, आपल्या हवेत तर नायलॉन किंवा सिलिकॉनचाच पट्टा बरा. एकाचा गॅग दुसऱ्यानं वापरायचा नाही, नवरा-बायको असलात तरी दोन वेगळे ठेवा.

तर आमच्या कपाटात आज काय आहे विचाराल तर सिलिकॉनचे दोन बिट, एक 38 चा बॉल, ती कात्री, आणि एका जुन्या गोदरेजच्या कुलपाच्या चार किल्ल्या, ज्यांचं कुलूप कधीच हरवलंय.