वजन नाण्यावरच लिहिलेले होते

एकोणिसाव्या शतकात परदेशी व्यापारासाठी पाडलेली चांदीची नाणी मी अनेक वर्षे जमवत आहे आणि त्यांत अमेरिकेचा ट्रेड डॉलर मला विशेष प्रिय आहे. चीनच्या बाजारपेठेत मेक्सिकोच्या पेसोशी स्पर्धा करता यावी म्हणून हे नाणे १८७३ पासून पाडले गेले. त्याच्या मागील बाजूवर गरुडाखाली वजन आणि कस, दोन्ही कोरलेले असतात: ४२० ग्रेन, म्हणजे २७.२२ ग्रॅम, आणि हजारात नऊशे भाग चांदी. जे नाणे स्वतःचे वजन अंगावर वागवते, तेच मी वजन न करता ठेवून घेतले आणि फसलो. तशी चूक इतरांच्या हातून होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ऑनलाइन लिलावात १८७४ साल असलेले, सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचे चिन्ह असलेले एक नाणे निघाले होते. विक्रेत्याने वर्णनात लिहिले होते की हे आजोबांच्या पेटीत सापडले, आपल्याला नाण्यांतले काही कळत नाही, म्हणून अस्सल असल्याची हमी देता येत नाही. त्या भोळेपणावर मी विश्वास ठेवला. आज मला असे वर्णन दिसले की मी आधी त्या विक्रेत्याने पूर्वी काय काय विकले आहे ते पाहतो, कारण नाण्यांतले काही न कळणारा माणूस दर आठवड्याला आजोबांच्या पेटीतून दुर्मीळ नाणी काढत नसतो. छायाचित्रे दोनच होती, तीही किंचित धूसर, आणि कडेचे एकही नव्हते. बोली बाजारभावाच्या निम्म्यावर थांबली, तेव्हा जाणकारांनी हात का आखडता घेतला असावा, असा प्रश्न मला पडायला हवा होता; मला मात्र नशीब उघडल्यासारखे वाटले.

नाणे आले, मी ते हौसेने अल्बममध्ये लावले आणि विक्रेत्याला चांगला अभिप्रायही देऊन टाकला. काही आठवड्यांनी दुसऱ्याच विक्रेत्याच्या लिलावात मला १८७६ सालचा ट्रेड डॉलर दिसला. मालाच्या गाठींवर बसलेल्या लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेच्या, गुडघ्यापाशी त्यावर एक छोटीशी तिरकी खोच होती. ती कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली, म्हणून मी माझे नाणे भिंगाखाली धरले. तीच खोच, त्याच जागी, त्याच कोनात होती. दोन वेगवेगळ्या सालांच्या नाण्यांना वापरात अगदी एकसारखी जखम होणे शक्य नाही. नकली नाणी पाडणारे एखाद्या खऱ्या नाण्यावरून ठसा तयार करतात, तेव्हा त्या मूळ नाण्यावरचे ओरखडे आणि खड्डे ठशातही उतरतात आणि मग त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर उमटत राहतात. साल मात्र ते हवे तसे बदलतात. म्हणूनच बोली लावण्यापूर्वी त्याच प्रकारच्या इतर नाण्यांची छायाचित्रे शेजारी ठेवून अशा खुणा ताडून पाहण्याची सवय मी आता लावून घेतली आहे.

त्यानंतर मी शतांश ग्रॅम दाखवणारा काटा काढला. नाणे भरले २३.६८ ग्रॅम. वापराने थोडी झीज होते हे खरे, परंतु केसांच्या रेषादेखील शाबूत असलेल्या नाण्याचे साडेतीन ग्रॅम झिजून जात नाहीत. खात्रीसाठी काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणला आणि नाणे बारीक दोऱ्याने, तळाला किंवा बाजूला टेकू न देता, पाण्यात पूर्ण बुडवून धरले. काट्याने २.७२ दाखवले. नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागले की विशिष्ट गुरुत्व, म्हणजे धातू तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड आहे, ते मिळते. माझ्या नाण्याचे ८.७ आले, तर या कसाच्या चांदीचे साधारण १०.३ असते. म्हणजे वरून मुलामा आणि आत हिणकस धातू. लोहचुंबकाची चाचणी मी पूर्वीच केली होती आणि नाणे चिकटले नाही म्हणून निर्धास्त झालो होतो; पण पितळ किंवा तांबेही चुंबकाला चिकटत नाही, तेव्हा त्या चाचणीने फक्त लोखंडासारखे चुंबकाला चिकटणारे धातू पकडले जातात. आम्ल लावणे किंवा कानशीने घासणे मात्र कोणीही करू नये, कारण नाणे अस्सल निघाले तर ते कायमचे खराब होते.

नंतर जे दिसले त्याने तर मला फार वाईट वाटले, कारण ते छायाचित्रातही दिसत होते. १८७४ च्या खऱ्या नाण्यावर गरुडाच्या पंजाखाली, ऑलिव्हच्या डहाळीवर, एक छोटे फळ असते. फळ नसलेली मागील बाजू १८७५ पासून वापरात आली. माझ्या नाण्यावर फळ नव्हते, म्हणजे दोन काळांचे ठसे एकत्र केलेले होते. साल आणि ठसा यांचा मेळ बसतो का, हे पाहायला ना काटा लागतो, ना भिंग. फक्त अभ्यास लागतो.

तक्रारीची मुदत तोवर उलटून गेली होती आणि विक्रेत्याने आपल्या वर्णनातील ‘हमी नाही’ या शब्दांकडे बोट दाखवले. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासणाऱ्या संस्थांनी प्रमाणित करून क्रमांकासह पारदर्शक डबीत बंद केलेले नाणे घेतले असते तर हे टळले असते, असे मला काहींनी सांगितले. ते बऱ्याच अंशी खरे आहे, परंतु डब्याही नकली निघतात आणि त्यांवर एखाद्या खऱ्या नाण्याचा क्रमांक छापलेला असतो. म्हणून क्रमांक संस्थेच्या नोंदीत सापडला एवढ्यावर न थांबता, तिथे छायाचित्र असेल तर डबीतले नाणे तेच आहे ना, हे डाग आणि ओरखड्यांवरून पडताळावे.

ते नाणे मी ‘नकली’ असे लिहिलेल्या पाकिटात वेगळे ठेवले आहे. ते पुन्हा बाजारात जाणार नाही. आता प्रत्येक नाणे हाती येताच त्याच दिवशी काट्यावर चढते आणि बोली लावण्यापूर्वी मी विक्रेत्याकडे काट्यावर ठेवलेल्या नाण्याचे व त्याच्या कडेचे छायाचित्र मागतो. गेल्या महिन्यात अशी विनंती तिघांना केली. दोघांकडून उत्तर आले नाही. तिसऱ्याने तासाभरात छायाचित्र पाठवले, त्यात काट्यावर २७.११ हा आकडा स्पष्ट दिसत होता, आणि बोली मी त्याच नाण्यावर लावली.